पाकिटावर ‘नॉरफोक’, पुलाखाली गवत: एका निगेटिव्हचा तपास

ब्रिस्टलच्या बाहेर रविवारी सकाळी एक बाजार भरतो. लोक मैदानात गाड्या लावतात आणि डिकीतूनच घरातलं जुनं सामान विकतात. गेल्या वर्षी तिथून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मी दोन पाउंडांना उचलला. आत निगेटिव्हची पाकिटं होती. विकणाऱ्या बाईंना डबा खपवायचा होता, आतल्या मालाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बहुतेक पाकिटांत समुद्रकिनारा, पोरं आणि एक जाडजूड कुत्रा. एका पाकिटावर मात्र पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘नॉरफोक, ऑगस्ट ५३’. आत आठ निगेटिव्ह. सात किनाऱ्याच्या, आठवीत वाफेचं इंजिन, मागे डबे, खाली दगडी कमानी. हे प्रकरण त्या आठवीचं.

निगेटिव्ह ६ बाय ९ सेंटीमीटरच्या. १२० नंबरच्या रोलवर या मापाच्या बरोबर आठ फ्रेम बसतात. आठ निगेटिव्ह, एक रोल, एक सहल, एक जागा. हिशेब इतका चोख जुळला की मी पुढे तपासायच्या फंदातच पडलो नाही. या चुकीनं तीन आठवडे खाल्ले.

फोटोत काय आहे ते आधी सांगतो. एका पुलावर दुहेरी रूळ. जवळच्या रुळावरून गाडी आपल्या दिशेनं तिरकी येतेय. इंजिन काळं, मळकं, सहा चाकं एकमेकांना जोडलेली, पुढे-मागे लहान चाकं नाहीत. म्हणजे ०-६-०. पुढच्या बाजूला दोन दिवे, एक धुराड्याच्या पायथ्याशी आणि एक बफरच्या पट्टीवर कडेला. टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या, अंगातून बाहेर आलेला एक लोखंडी दांडा. पाठीमागे सिग्नलचा खांब. पुलाच्या पाच कमानी फ्रेममध्ये आल्यात, बाकीच्या झाडांआड. आणि अगदी तळाला, एका कमानीखालून, गवतात गेलेली एक रेघ. ती मला पहिल्यांदा पायवाट वाटली होती.

इंजिनाचा वर्ग ओळखायला वेळ लागला नाही. मिडलंड रेल्वेच्या डर्बी कारखान्याच्या घराण्यातलं ‘फोर-एफ’ मालगाडी इंजिन. बॉयलरची ठेवण, सरळ धुराडं, केबिनच्या कडेची वळणं, सगळं त्या घराण्याचं. पण वर्ग कळला म्हणून जागा कळत नाही, कारण ही इंजिनं थोडीथोडकी नाहीत, ७७२ बांधली गेली. इंग्लंडच्या निम्म्याअधिक भागात ती मालगाड्या ओढत फिरली. आपल्याकडे ‘पांढरी ॲम्बॅसॅडर दिसली’ एवढ्यावरून गाव ओळखायला सांगावं, तसं.

आता नंबर. ब्रिटिश इंजिनांच्या तोंडावर, स्मोकबॉक्सच्या दारावर, नंबराची लोखंडी पट्टी असते. १९४८ मध्ये सरकारीकरण झालं तेव्हा जुन्या कंपन्यांच्या नंबरांत भर घातली गेली: एलएमएसच्या (मिडलंड जिच्यात विलीन झाली ती कंपनी) इंजिनांना ४०,०००, सदर्नच्या ३०,०००, एलएनईआरच्या ६०,०००. ग्रेट वेस्टर्नचे नंबर तसेच राहिले. म्हणून ४ नं सुरू होणारा पाच आकडी नंबर दिसला की एलएमएसचा वारसा कळतो. माझ्या स्कॅनमध्ये मात्र त्या पट्टीवर नुसता गिचमिड काला. कॅमेरा साधा, गाडी चालती, त्यामुळे अस्पष्ट आलंय असं धरून मी तो नाद सोडला.

मग तो टेंडरचा दांडा. मला ती कोळशावर चढायच्या शिडीचा तुकडा वाटत होता. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. बाबा मराठवाड्यात मीटरगेजच्या काळात स्टेशन मास्तर होते.

“बाबा, तुम्ही हे टेंडरवरचं बघा. शिडी तुटून लोंबतेय का?”

“शिडी कसली? जरा मोठं कर. तिकडे एकेरी लाइन आहे का पुढे?”

“पुलावर तर दोन रूळ दिसतायत.”

“पुलावर असतील रे. पुढे एक होत असणार. हे टोकन घ्यायचं दिसतंय. आमच्याकडे पोर्टर वेताची कडी उंच धरून उभा राहायचा, फायरमन तिच्यात हात घालायचा. गाडी जोरात असली की दंड काळानिळा. ह्यांनी हाताऐवजी लोखंड लावलंय, एवढाच फरक.”

बाबा बरोबर होते. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून त्या तुकड्याचा एकच परवाना ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. आपल्याकडे तो चामड्याच्या पिशवीतला गोळा, तिकडे बऱ्याच ठिकाणी गोल चकती, तिला टॅब्लेट म्हणत. गाडी न थांबवता ही देवघेव करणारं एक यंत्र आल्फ्रेड व्हिटेकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलं. टेंडरवरून एक जबडा बाहेर सरकतो, रुळाकडेच्या खांबावर पिशवी टांगलेली असते, जबडा ती पकडतो. व्हिटेकर सॉमरसेट अँड डॉर्सेट या संयुक्त रेल्वेचे इंजिन-प्रमुख. त्यांचं यंत्र त्या रेल्वेवर होतं आणि दुसऱ्या एका संयुक्त रेल्वेवर, मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्नवर.

ही दुसरी रेल्वे कुठे? नॉरफोकमध्ये.

मी जवळजवळ टाळी वाजवली. पाकिटावर नॉरफोक, यंत्रही नॉरफोकचं. मेल्टन कॉन्स्टेबल हे त्या रेल्वेचं मुख्य ठाणं, तिथून फाटे किनाऱ्याकडे जायचे, बहुतेक मार्ग १९५९ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. मग रात्र रात्र बसून नॉरफोकच्या जुन्या नकाशांवर दगडी कमानींचा पूल शोधत राहिलो. मिळेना. मिळणार कसा? नॉरफोक सपाट, आणि माझ्या फोटोत पुलामागे चांगली उंच टेकडी चढत गेलीय. ती टेकडी पहिल्या दिवसापासून समोर होती. पाकिटावरच्या दोन शब्दांनी ती माझ्या नजरेतून पुसून टाकली होती.

गाठ सुटली ती सिग्नलमुळे.

खांब चार हजार डीपीआयला स्कॅन करून बघितला तेव्हा तो लाकडी नव्हता, जाळीचा नव्हता, काँक्रीटचाही नव्हता. दोन जुने रूळ उभे करून बोल्टांनी एकमेकांना जोडलेले. ही सदर्न रेल्वेची काटकसर. भंगारातले रूळ फुकट, खांब तयार. नॉरफोकच्या त्या रेल्वेची सवय अगदी निराळी. तिच्याकडे काँक्रीटचे खांब मेल्टन कॉन्स्टेबललाच ओतले जात, आणि त्यांवर मधोमध झुलणारे, कोलांटी घेणारे सिग्नल हात असत. माझ्या फोटोतला हात टोकाशी बिजागरी असलेला, वर उचलला जाणारा.

आता गंमत बघा. इंजिन मिडलंडच्या घराण्यातलं, म्हणजे एलएमएसचं. खांब सदर्नचा. दोघांत भांडण. पण इंग्लंडमध्ये एक रेल्वे अशी होती की जिथे हे भांडण हाच रोजचा संसार होता. सॉमरसेट अँड डॉर्सेट कंपनीनं १८७४ मध्ये मेंडिप डोंगर ओलांडून बाथपर्यंत मार्ग नेला आणि त्या खर्चानं तिचं कंबरडं मोडलं. १८७५ मध्ये मिडलंड आणि लंडन अँड साउथ वेस्टर्न या दोन मोठ्या कंपन्यांनी तिला भागीत भाडेपट्ट्यानं घेतलं. पुढे त्यांचे वारस एलएमएस आणि सदर्न. १९३० मध्ये त्यांनी वाटणीच करून टाकली: इंजिनं एलएमएसनं बघायची, रूळ आणि सिग्नल सदर्ननं. म्हणून एलएमएसचं इंजिन, सदर्नचा खांब आणि व्हिटेकरचा जबडा हे तिन्ही एका फ्रेममध्ये आले की दुसरं नाव घ्यायची सोय उरत नाही. दिव्यांचाही उलगडा इथेच झाला. धुराड्याशी एक आणि बफरपट्टीच्या कडेला एक, ही प्रवासी गाडीची खूण याच रेल्वेची खासगी होती, बाकी देशात तसं नव्हतं.

तरीही काहीतरी खटकत होतं. गाडी आपल्याकडे येतेय, जवळच्या रुळावर, आणि तोंड उजवीकडे. म्हणजे ती दुहेरी मार्गावर उजव्या बाजूनं धावतेय. ब्रिटनमध्ये गाड्या डावीकडून धावतात, आपल्याकडे त्यांच्याकडूनच ते आलं. एकवेळ म्हणू की त्या दिवशी दुरुस्तीमुळे उलट्या रुळावरून सोडली असेल. मग सिग्नल? ब्रिटिश सिग्नलचा हात ड्रायव्हरला खांबाच्या डावीकडे दिसतो. ज्याची तांबडी बाजू आपल्याकडे आहे त्याचा हात डावीकडे हवा, इथे उजवीकडे. दुरुस्तीसाठी गाडी रूळ बदलते, सिग्नलचा हात बदलत नाही.

निगेटिव्ह मी स्कॅनरमध्ये उलटी घातली होती. हसू नका, भल्याभल्यांच्या छापील फोटोंत हे घडलेलं आहे. फिल्मची चकचकीत बाजू आणि मसाल्याची मंद बाजू ओळखून घालायची असते. ७० वर्षांपूर्वीच्या, थोड्या मुरडलेल्या फिल्मवर तो फरक बोटालाच लवकर कळतो, डोळ्याला नाही. टेंडरवरच्या चिन्हानंही मला सावध केलं नव्हतं. १९४९ पासूनच्या सरकारी रेल्वेच्या पहिल्या चिन्हातला चाकावर स्वार झालेला सिंह इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पुढच्या दिशेनंच तोंड करून असे. त्यामुळे आरशातही तो पुढेच बघतो.

पालथी करून पुन्हा स्कॅन केली. गाडी डावीकडे तोंड करून डाव्या रुळावर आली, सिग्नलचा हात डावीकडे गेला, आणि स्मोकबॉक्सवरच्या गिचमिड काल्यातून ४, ४, ५ असे तीन आकडे सरळ वर आले. उलटे आकडे मी तीन आठवडे अस्पष्ट आकडे म्हणून बघत होतो.

आता जागा. बाबांनी सांगितलेलंच सूत्र धरलं. जबडा बाहेर आहे, म्हणजे गाडी एकेरी तुकड्यात शिरायच्या बेतात आहे. पण आहे अजून दुहेरी पुलावर. या रेल्वेचा मुख्य मार्ग बाथपासून मिडफर्डपर्यंत एकेरी, मिडफर्ड ते टेम्पलकोम दुहेरी, तिथून ब्लँडफर्डपर्यंत पुन्हा एकेरी. दुहेरीचं एकेरी होतं तिथेच कमानींचा पूल, अशी जागा मिडफर्ड. आठ कमानींचा पूल, तो संपला की लगेच स्टेशन, आणि पुढे बाथपर्यंत एकच रूळ, वाटेत दोन बोगदे.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवलेत. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडही त्यात आहे. डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे आजचं उपग्रह चित्र, आणि एकीकडे बोट फिरवलं की दुसरीकडे तीच जागा सरकते. मिडफर्डवर आणलं. पुलाखालून कॅम नावाचा ओढा, आणि त्याच्या सोबतीनं आणखी एक रेल्वे. लिंपली स्टोकहून कॅमर्टनच्या कोळसा खाणींकडे जाणारा ग्रेट वेस्टर्नचा एकेरी फाटा. माझी ‘पायवाट’.

या पायवाटेनं तारखेचं अर्धं काम केलं. त्या फाट्यावरची प्रवासी वाहतूक १९२५ मध्ये थांबली होती, कोळसा मात्र १९५१ च्या फेब्रुवारीपर्यंत जात होता. मालगाडी आठवड्यातून चार वेळा गेली तरी रुळाचा माथा चकाकतो आणि मधलं गवत आडवं राहतं. माझ्या फोटोत रूळ काळे आणि गवत त्यांच्या वर. भर पानांचा मोसम आहे, म्हणजे उन्हाळा. तो १९५१ चा किंवा पुढचा. मध्ये १९५२ चा एक अपवाद काढायला हवा. त्या वर्षी एका विनोदी इंग्रजी चित्रपटासाठी या बंद फाट्यावर पुन्हा इंजिन आणून चित्रीकरण झालं, आणि याच पुलाखालून ते इंजिन गेलं. त्या उन्हाळ्यात इतकं गवत माजलेलं असायची शक्यता कमी. बाद म्हणत नाही, कमी म्हणतो.

उरलेलं अर्धं काम फिल्मच्या कडेनं केलं. स्कॅनरची चौकट फिल्मच्या कडा झाकते. उलट-सुलट प्रकार झाल्यावर मी निगेटिव्ह चौकटीतून काढून खिडकीशी धरली, तेव्हा कडेला बारीक अक्षरं दिसली: ‘कोडॅक व्हेरिक्रोम’. किनाऱ्याच्या सात जणींच्या कडेला ‘इलफर्ड सेलोक्रोम’. दोन कंपन्या, दोन रोल. ‘आठ म्हणजे एक रोल’ हा माझा चोख हिशेब तिथे कोसळला. नॉरफोकच्या रोलमधली एक हरवली असणार आणि कुणीतरी ही भटकी तिच्या जागी सरकवली असणार. म्हणजे पाकिटावरचं ‘५३’ सुद्धा हिला लागू नाही. तारीख खरी असेलही, पण ती साक्ष हिची नव्हे.

व्हेरिक्रोम हे नाव मात्र कामाचं. ही फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. १९५६ मध्ये कोडॅकनं तिच्या जागी ‘व्हेरिक्रोम पॅन’ आणली, तिला लाल दिसायचा. माझ्या निगेटिव्हवर ‘पॅन’ नाही. आणि ते फोटोतही दिसतं: इंजिनाची तांबडी बफरपट्टी इंजिनाइतकीच काळी आलीय, सिग्नलच्या लाल हातावर फक्त पांढरा पट्टा उठून दिसतो, आकाश कोरं पांढरं. डब्यांची खालची बाजू काळीकुट्ट आणि खिडक्यांचा पट्टा जवळपास पांढरा. तो १९४९ पासूनचा किरमिजी आणि साय-रंगाचा जोड. १९५६ पासून नवे डबे एकरंगी मरून होऊ लागले, पण जुना रंग काही वर्षं टिकून होता, तेव्हा डब्यांवर मी फार भार टाकत नाही. टेंडरवरचा सिंहही १९५६ मध्ये बदलला, तोसुद्धा इंजिन पुन्हा रंगायला जाईल तेव्हा. कपाटात पडून राहिलेला रोल, रंगायचं राहिलेलं इंजिन, जुन्या रंगाचे डबे, तिन्ही गोष्टी १९५८ पर्यंत ओढता येतात. तिन्ही एकदम ओढल्या जातील असं मला वाटत नाही. १९५६ पर्यंत थांबावं.

वेळ उन्हावरून. पुलावर मार्ग साधारण उत्तर-दक्षिण. गाडी बाथकडे, म्हणजे उत्तरेला निघालीय, आपल्याला तिची पश्चिमेची बाजू दिसते, आणि तीच बाजू उजळलेली आहे. दुपार कलल्यानंतरचं ऊन. मालगाडीच्या इंजिनाला प्रवासी डबे कसे, हा प्रश्न या मार्गावर पडत नाही. उन्हाळ्याच्या शनिवारी बोर्नमथच्या किनाऱ्यावरून परतणाऱ्यांच्या इतक्या गाड्या असत की शेडमधलं जे चालू स्थितीत असेल ते जुंपलं जाई. त्यात मेंडिपचा चढ ५० फुटांना १ फूट, माथा मॅसबरीला समुद्रसपाटीपासून ८११ फुटांवर. थट्टेखोर लोक एस अँड डी या अक्षरांचा अर्थ ‘स्लो अँड डर्टी’ लावत. माझ्या फोटोतलं इंजिन बघता निदान दुसऱ्या शब्दाला हरकत घेता येत नाही.

राहिला नंबर. ४४५ पुढे दोन आकडे. या रेल्वेची स्वतःची म्हणून पाच फोर-एफ इंजिनं १९२२ मध्ये आर्मस्ट्राँग व्हिटवर्थनं बांधली होती. मूळ नंबर ५७ ते ६१, सरकारी काळात ४४५५७ ते ४४५६१. चौथा आकडा ५ दिसतो, त्यावर मी पैज घेईन. शेवटचा गोल आहे आणि खालच्या बाजूला शाई दाटल्यासारखी झालीय. ७ नक्की नाही. ८ किंवा ९. केबिनच्या कडेला हाच नंबर मोठ्या आकड्यांत रंगवलेला असतो, पण तिथे नेमकं ऊन चमकलंय आणि सगळा पत्रा पांढरा. स्मोकबॉक्सच्या दारावर खालच्या बाजूला शेडची लंबगोल पट्टीही आहे. ती वाचता आली असती आणि तिथे बाथच्या शेडचा ७१जी कोड निघाला असता, तर तारीख १९५० ते १९५८ मध्ये बांधता आली असती. ती चार ठिपक्यांएवढी आहे. संगणकाला चित्र ‘सुधारायला’ सांगितलं तर तो तिथे छान ठसठशीत आकडे काढून देतो. एकदा ८ दिला, एकदा ६. ते आकडे त्याच्या मनातले, निगेटिव्हमधले नव्हेत. तो प्रयोग मी डिलीट केला.

एप्रिलमध्ये सायकल काढून मिडफर्डला गेलो. रेल्वे १९६६ च्या मार्चमध्ये बंद झाली. बाथहून निघालं की तिचेच दोन बोगदे आता सायकलींसाठी खुले आहेत, २०१३ पासून. कोम डाउनचा बोगदा १,८२९ यार्डांचा, आत गार, अधूनमधून दिवे, आणि समोरून घंटी वाजवत येणारी पोरं. बाहेर पडून थोडं गेलं की मिडफर्ड. पूल शाबूत आहे, वरून सायकलींचा रस्ता जातो. खाली उतरून फोटोवाला जिथे उभा असेल त्या अंदाजानं शेताच्या कुंपणाशी गेलो. छापील फोटो हातात धरून एक पाय पुढे, एक मागे, असं दहा मिनिटं चाललं. पुलामागची टेकडी रेघेला रेघ जुळली. कमानी मात्र तीनच दिसतात, कुणी न कापलेली झाडं वाढून मध्ये आलीत. कॅमर्टन फाट्याच्या जागी नुसता सपाट पट्टा उरलाय. तिथून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी पूल बघितला, “पोर्टर कुठे उभा राहत असेल?” एवढंच विचारलं, आणि मग रेंज गेली.

निगेटिव्ह आता नव्या पाकिटात आहे. वर पेन्सिलीनं लिहिलंय: ‘मिडफर्ड, सॉमरसेट. बाथकडे, दुपारनंतर. उन्हाळा, १९५१ ते ५६, बहुधा १९५२ नव्हे. इंजिन ४४५५८ किंवा ४४५५९.’ जुन्या पाकिटात सात निगेटिव्ह राहिल्यात. त्यांतल्या एकीत लांबवर समुद्रात गेलेला धक्का दिसतो. तो तरी नॉरफोकचा आहे का, हे अजून बघायचंय.